खोपकर बाई, चाकोरी संपेपर्यंत

खोपकर बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या रस्त्यावर बसलेल्या होत्या. सिंगापुरात पासिर रिसला समुद्राच्या कडेनं चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा रस्ता आहे, पार्क कनेक्टर म्हणतात त्याला. सकाळचे साडेसहा-पावणेसात. डोक्याला हेल्मेट, मनगटांना पट्ट्यांनी बांधलेल्या दोन लांब काठ्या, पायांत बूट, आणि बुटांखाली हात-दीड हात लांबीच्या पट्ट्या, पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक चाक. एका काठीचं टोक गटाराच्या जाळीत रुतून बसलं होतं आणि बाई गुडघा धरून तिच्या शेजारी.

मी आपला स्वतःशी बोलल्यासारखा मराठीत बोललो, "इथं पडणारच माणूस. जाळीच्या फटी आडव्या पाहिजेत, त्या वाटेच्या दिशेनं घातल्यात."

माणूस पडला की आधी हात मागतो, नाहीतर कुणी पाहिलं का ते बघतो. या बाईंनी तसलं काही केलं नाही. गुडघ्यातून रक्त येत होतं तरी मान वर करून मला विचारलं, "फटींचं तुम्हाला कसं कळलं?"

"तीस वर्षं रस्ते केलेत," मी म्हटलं.

"मग बसा जरा. पुढचा रस्ता कसा आहे ते सांगा."

मी बसलो. रुमाल दिला तो त्यांनी गुडघ्याला बांधला आणि कमरेच्या पिशवीतून एक निळी वही काढली. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. कुठं झाडाच्या मुळांनी डांबर उचललंय, कुठं शेवाळ धरतं, कुठं रस्त्याला मधे नको इतकी फुगीर पाठ दिलीय म्हणून पाय एका बाजूला घसरतो. मी रोज त्या रस्त्यानं चालत होतो, पण इतकं सगळं मला ठाऊक आहे हे मलाच त्या दिवशी कळलं. कुणी विचारलंच नव्हतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. आधी रस्त्यावर मैलकुली, मग रोलरवर, शेवटी मुकादम. निवृत्तीनंतर मुलानं इथं आणलं. हे मी स्वतः लिहितोय. सूनबाई, शिल्पा तिचं नाव, कॉम्प्युटरवर उतरवून घेते, पण शब्द बदलायचा नाही असं तिला बजावलंय. बाईंबद्दल इथल्या मराठी मंडळातले बरेच जण बरंच बोलतात. कुणी त्यांना विक्षिप्त म्हणतं, कुणी हट्टी. मी त्यांना चार वर्षं पाहिलं. त्या गुणाच्या बाई होत्या आणि त्यांनी मला मुकादम म्हणून हाक मारली याचा मला आजही अभिमान आहे. मुलाच्या घरात मी बाबा, बिल्डिंगमध्ये अंकल. मुकादम म्हणणारं या देशात दुसरं कुणी नव्हतं.

बाई मूळच्या पेणच्या. लग्न केलं नाही. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत हिशेबाच्या कामावर आयुष्य गेलं, फ्लॅट हौगांगला. मधे बँकेनं त्यांना तीन हिवाळे नॉर्वेला धाडलं होतं. तिथं ऑफिसातल्या एका बाईनं त्यांच्या पायाला स्की बांधल्या आणि मग त्या सुटल्या नाहीत.

स्की म्हटलं की आपल्या लोकांना डोंगरावरून खाली सुटणारी माणसं दिसतात. बाईंचं ते नव्हे. त्यांचं ते क्रॉस-कंट्री. बर्फात मशीननं दोन चाकोऱ्या पाडलेल्या असतात, बैलगाडीच्या असतात तशा, फक्त अरुंद. त्यांत पाय ठेवायचे आणि काठ्या मारत रानातून, तळ्याकाठून, लहान चढउतारांवरून मैलोन् मैल जायचं. बर्फ नसेल तिथं चाकांच्या पट्ट्या लावून डांबरावर सराव करायचा. तेच मी पाहिलं होतं.

आणि नॉर्वेतलंच एक त्यांच्या मनात राहून गेलं होतं. दिवसभराच्या एका वाटेवर त्या निघाल्या, वेग कमी पडला, संध्याकाळ झाली, आणि सोबतच्या लोकांनी बर्फातली स्कूटर बोलावून त्यांना मागं बसवून आणलं. वीस वर्षं झाली असतील. पण कोपी-ओचा, म्हणजे इथल्या काळ्या कॉफीचा, ग्लास पुढ्यात असला, सूर्य वर यायला लागला की बाई एकदा तरी म्हणायच्या, "मुकादम, पोतं टाकून आणावं तशी आणली हो मला. शेवटचे आठ किलोमीटर राहिलेत माझे."

पुरा दिवस, पुरी वाट, कुणी न आणता. तेवढं त्यांना हवं होतं. त्यासाठी जागा हवी होती.

जागा हा त्यांचा शब्द. चांगली जागा म्हणजे काय, यावर त्या कुणाशीही वाद घालत. सुंदर दिसणारी जागा त्यांच्या हिशेबी जागाच नव्हे. "दिसतं काय ते फोटोवाल्याला विचारा," म्हणायच्या. "मला सांगा, दमले तर परत येता येतं का? पडले तर उठायला सपाटी आहे का? आणि रोज तिथून कोण जातं?" निळ्या वहीत प्रत्येक जागेला एक पान, खाली एकच शेरा. 'नको', नाहीतर 'चालेल'. छान, सुंदर असले शब्द त्या वहीत नाहीत. वही आता माझ्याकडं आहे म्हणून सांगतोय.

सिंगापुरात बर्फ ग्लासात मिळतो नाहीतर मासळीवाल्याकडं. तरी बाईंनी इथल्या एकूण एक वाटा तपासल्या होत्या. हौगांगच्या वाटांना बहुतेक 'नको'. माझी ओळख झाल्यावर आम्ही पूर्व बाजू पुन्हा नव्यानं घेतली. मी चपला काढून अनवाणी चालायचो. तळव्याला खडी कळते. डांबर जुनं झालं, वरची कच निघाली की ते पायाला टोचतं, तिथं बाईंची चाकं थरथरतात. त्या मागून काठ्या टकटक करत यायच्या आणि मी हात वर केला की थांबून लिहायच्या. लोक बघायचे. पुढं अनवाणी म्हातारा, मागं चाकांवरची बाई. बघोत.

आमच्या ब्लॉकमध्ये एक निवृत्त मॅनेजर राहतात, मराठीच आहेत, नाव घेत नाही. लिफ्टशी भेटले की रोज तेच, "काय हो, आज पडला का बर्फ?" एकदा बाई बरोबर होत्या. घामानं भिजलेल्या, हेल्मेट काखेत. म्हणाल्या, "पडला की कळवते. तुम्हाला ग्लासात लागतोच." त्यानंतर मॅनेजरसाहेब जिन्यानं जायला लागले. प्रकृतीला चांगलंच ते.

शेवटी चांगीला विमानतळाच्या कुंपणाकडेनं जाणारी सरळ वाट सापडली. नजर पोचेल तिथपर्यंत वळण नाही, झाड नाही, मूळ नाही. डोक्यावरून विमान उतरायचं आणि खालून बाई जायच्या. पान भरलं, खाली 'चालेल'. तेवढा शेरा मिळवायला आम्हाला सात महिने लागले होते.

त्या वाटेवर मी त्यांची एक खोड पाहिली. वळून परत यायला तिथं दिव्याचा एक खांब सोयीचा होता, सगळे पळणारे त्याला हात लावून वळायचे. बाई खांबापाशी कधी वळल्या नाहीत. त्याच्या पुढं डांबर अजून थोडं होतं, मग गवत. बाई डांबर संपेपर्यंत जायच्या, काठीचं टोक कडेला टेकवायच्या, मग वळायच्या. मी म्हटलं, खांबापर्यंत आलात तरी झालंच की. म्हणाल्या, "खांब दिव्यासाठी लावलाय, मुकादम. रस्ता तिथं संपत नाही."

आमच्या खात्यात असले लोक हवे होते.

आमच्या ओळखीनंतरच्या पहिल्या हिवाळ्याला बाई फसल्या. मंडळातल्या सहा-सात बायकांना त्यांनीच काठ्या घेऊन चालायला शिकवलं होतं. सगळ्यांनी मिळून जपानची सहल ठरवली, एजंटाकडून. कागदावर लिहिलं होतं, स्की, नवशिक्यांसाठी सोयीचं. बायका म्हणाल्या, स्की म्हणजे स्की. बाई इतक्या चिकित्सक, पण त्या वेळी त्याही 'सोयीचं' या शब्दाला भुलल्या. गेल्यावर बघतात तो उभा डोंगर आणि वर नेणारे पाळणे. चाकोरी कुठंच नाही. बाकीच्यांनी फोटो काढले, गरम पाण्याच्या कुंडात बसल्या, मजेत होत्या. बाईंना शिकवणाऱ्या पोरानं पाळण्यातून वर नेलं आणि म्हणाला, आता सुटा. बाईंनी स्की काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि सगळा डोंगर पायी उतरल्या. माणसं दोन्ही बाजूंनी सूं सूं खाली जात होती, त्यांच्या मधून. दीड तास. खाली आल्यावर वही काढून 'नको' लिहिलं आणि मग चहा प्यायल्या.

दुसऱ्या हिवाळ्याला त्या पुन्हा जपानला, एकट्या गेल्या. या खेपेला नकाशे बघितले, चाकोरी आहे याची खात्री केली, तिथल्या पर्यटन कार्यालयाशी महिनाभर पत्रव्यवहार केला. कार्यालयानं दर खेपेला कळवलं, सगळं व्यवस्थित आहे. बाई पोचल्या तर गुडघाभर भुसभुशीत बर्फ, आणि चाकोरी पाडायचं मशीन आठवड्यापासून बंद पडलेलं.

परत आल्यावर हे त्यांनी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्या असतात तिथं, बसून सांगितलं. मला हसू आवरेना. त्यांनी रागानं बघितलं.

"कुणाला विचारलंत?" मी म्हटलं.

"कार्यालयाला. लेखी आहे माझ्याकडं."

"तीच चूक. रस्ता चालू आहे का हे साहेबाला विचारायचं नसतं. रोलरवाल्याला विचारायचं."

आणि मी त्यांना आमच्याकडचं सांगितलं. आमच्या घाटात पावसाळ्यात दरड यायची. ऑफिसातल्या फळ्यावर 'रस्ता सुरू' खडूनं लिहिलेलं असायचं ते आठ आठ दिवस कुणी पुसायचं नाही. पण गावात कुणाकडं लग्न असलं तर वऱ्हाड निघायच्या आधी मुलीचा बाप ऑफिसात जायचा नाही, माझ्या घरी यायचा. मुकादम, गाड्या घालू का? मी घाला म्हटलं तर घालायचे. एकदाही वऱ्हाड अडकलं नाही माझ्या शब्दावर. एकदा मी नको म्हटलं, साहेबानं जा म्हटलं, आणि ते साहेबाचं ऐकून गेले. नवरी ट्रॅक्टरनं आणावी लागली.

बाईंनी ग्लास बाजूला सारला. मग वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी आता वाचलंय. 'जागा विचारायची ती मशीन चालवणाऱ्याला. इति मुकादम.'

हा पगार मला सरकारनंही दिला नव्हता.

तिसरा हिवाळा यायच्या आधी गुडघ्यानं मान टाकली. पडण्यामुळं नव्हे, आतून झिजला होता. डॉक्टरांनी गुडघा बदलायला एप्रिलची तारीख दिली आणि सांगितलं, नंतर चाला, पोहा, काय हवं ते करा, पण पडायचं नाही. आणि न पडता हा खेळ होत नाही. म्हणजे हातात एकच हिवाळा. बाईंनी मला हे विमानतळाच्या वाटेवर सांगितलं, एखाद्या बसची वेळ सांगावी तसं. मग म्हणाल्या, "आता चुकून चालणार नाही, मुकादम. मशीनवाला शोधायचा."

शोधला. होक्काइदोतलं एक लहान गाव. नाव लिहीत नाही. चांगली जागा विचारल्याशिवाय सांगायची नाही असा बाईंचा नियम होता. विचारलंत तर सांगीन. बाईंनी पर्यटनाला सोडून गावातल्या बर्फ काढायच्या डेपोला फोन लावला. जपानी येत नव्हतं, पण फोनमध्ये भाषांतर करणारी एक बाई असते, ती छापील मराठी बोलते. डेपोनं मशीनवाल्याचा नंबर दिला. सातोसान, सत्तरीचे.

तो फोन हॉकर सेंटरच्या टेबलावर ठेवून झाला. बाई म्हणाल्या, तुम्ही विचारा. मी विचारलं. मशीन किती वाजता निघतं? वाऱ्यानं बर्फ कुठल्या वळणाला साचतो? उतारावर ऊन किती वाजता येतं, आणि कुठल्या उतारावर येतच नाही?

  तिकडून हसल्याचा आवाज आला, आणि फोनमधली बाई गंभीरपणे म्हणाली, "हा शेवटचा प्रश्न विचारणारी व्यक्ती कोण आहे?"

खोपकर बाई म्हणाल्या, "आमचे मुकादम. तीस वर्षं रस्त्यावर होते."

मग सातोसान मोकळे झाले. वाट चोवीस किलोमीटरची, गोल, तळ्याला वळसा घालून येणारी. शेवटून तिसऱ्या भागात झाडांच्या सावलीतला एक उतार आहे, तिथं ऊन पोचत नाही, चाकोरीत बर्फाची काच जमते. तिथं माणसं पडतात. पाटीवरच्या बाणानं गेलं तर तो उतार दमलेल्या पायांनी उतरावा लागतो. सातोसान म्हणाले, बाईंनी मंगळवारी यावं, मंगळवारी कुणी नसतं. आणि उलटं जावं. मग तोच उतार सुरवातीला ताज्या पायांनी चढायचा. कार्यालयाला मी सांगीन.

बाईंनी फोन बंद केला.  मग म्हणाल्या, "हे मला कुठल्या कार्यालयानं सांगितलं असतं?" आणि लगेच, "तुम्हाला यावं लागेल. रस्ता बघायला."

मुलगा नाहीच म्हणाला. बाबा, तुम्ही चौऱ्याहत्तरचे, तिथं उणे दहा. मी दोन दिवस जेवताना बोललो नाही. तिसऱ्या दिवशी शिल्पा म्हणाली, मी जाते दोघांबरोबर, मलाही बर्फ बघायचाय. असं ठरलं.

सोमवारी पोचलो. मंगळवारी पहाटे सातोसान मला घ्यायला आले. ठेंगणा माणूस, कानटोपी, माझ्यासारखाच उजव्या कानानं कमी ऐकतो. मशीन पट्ट्यांवर चालणारं, मागं दाबायची फळी आणि दोन दात. मी बघितलं आणि ओळखलं. आमचा रोलरच की हा. आम्ही चाकोरी बुजवायचो, हा पाडतो, एवढाच फरक. त्यांनी मला शेजारी बसवलं. त्या सावलीच्या उताराशी मशीन थांबवून खाली उतरले, हातमोजा काढून चाकोरीत बोटं फिरवली आणि मला खूण केली. मीही मोजा काढून फिरवली. कडक होती, पण भेग नव्हती. मी मान हलवली. त्यांनी मान हलवली. या कामाला फोनमधली बाई लागली नाही.

नऊ वाजता बाई निघाल्या. लाल जाकीट, पाठीवर लहान पिशवी, पिशवीत शिल्पानं केलेले मेथीचे ठेपले आणि निळी वही. मी उतार बघून आलोय, चढताना डाव्या कडेनं जा, एवढंच सांगितलं. शिल्पानं फोन चालू ठेवायला सांगितलं तर म्हणाल्या, ठेवीन, पण उचलणार नाही. आणि माझ्याकडं वळून, "मुकादम, स्कूटर नाही."

"नाही," मी म्हटलं.

अडीचपर्यंत येतील असा अंदाज होता. अडीच झाले. तीन झाले. वाट संपते तिथं एक लाकडी पाटी आहे, तिच्याशी आम्ही उभे. साडेतीनला बारीक बर्फ पडायला लागला. मी आयुष्यात पहिल्यांदा पडता बर्फ बघत होतो आणि मला तो नको होता, कारण तो चाकोरी भरत होता. भरलेल्या चाकोरीत दमलेला पाय जड होतो. चार वाजता शिल्पा म्हणाली, "बाबा, आता कार्यालयाला सांगते. स्कूटर पाठवतील."

मी नको म्हटलं.

"त्यांना काही झालं तर?"

 घाटात मी नको म्हटलं तर ती जबाबदारी माझी असायची, आणि हो म्हटलं तरी माझीच. पण तिथं मला रस्ता माहीत होता. हा रस्ता मला माहीत होता तो एका सकाळपुरता. स्कूटर गेली असती तर बाई सुखरूप आल्या असत्या आणि पुन्हा पोत्यासारख्या आल्या असत्या. नसती गेली तर काय, ते मला ठाऊक नव्हतं. 

सातोसान डेपोच्या दारात उभे होते. शिल्पाचा फोन घेऊन मी त्यांच्याकडं गेलो आणि म्हटलं, बाई येतायत, पण चाकोरी भरत चालली. आणायचं नाहीये त्यांना. काय करता येईल?

त्यांनी आभाळाकडं बघितलं. मग काही न बोलता मशीन सुरू केलं. वाटेवरच्या शेवटच्या पुलापर्यंत गेले, तिथं वळले, आणि चाकोरी पुन्हा नव्यानं पाडत परत आले. पाटीपाशी थांबले नाहीत. मशीन वळवायला जागा लागते म्हणून पन्नासेक पावलं पुढं, डेपोच्या भिंतीशी जाऊन थांबले. खाली उतरून त्यांनी फोनमध्ये सांगितलं, आणि ती छापील बाई म्हणाली, "महिला पुलाच्या पलीकडे दिसली. मी हात केला. तिने मला जाण्याची खूण केली."

शिल्पा रडायला लागली. मी नाही.

उशीर का झाला ते नंतर वहीत वाचलं. बाई जागोजाग थांबून लिहीत गेल्या होत्या. थंडीनं अक्षर वाकडं झालंय. 'उतार चढला, डावी कड, मुकादम बरोबर.' 'तळं. वारा समोरून.' 'पडले. सपाटी होती. उठले.' 'ठेपले.' 'गुडघा बोलतोय.' त्याच्या पुढचं ओलं होऊन पुसलंय. खाली शेरा नाही. इतकी वर्षं प्रत्येक पानाला शेरा देणाऱ्या बाईंनी ते पान तसंच सोडलं. मी फोनवर विचारलं होतं एकदा. म्हणाल्या, "शब्द नव्हता माझ्याकडं."

एप्रिलमध्ये गुडघा बदलला. पुढं सहा-आठ महिन्यांनी त्या पेणला भावाकडं राहायला गेल्या. विमानतळावर आम्ही सोडायला गेलो होतो. चाकांच्या खुर्चीवर बसवून कुणीतरी त्यांना ढकलत आत नेलं, त्यांनी वही माझ्या हातात दिली, हात हलवला. लोक म्हणतात ती शेवटची भेट. मी ती धरत नाही. खुर्चीवर बसलेल्या बाई माझ्या ओळखीच्या नाहीत.

मी धरतो ती ही. पावणेपाच वाजलेले, उजेड निळा होत चाललेला, आणि झाडांमधून आधी आवाज आला. काठ्यांचा. डांबरावर टक टक वाजायच्या, इथं बर्फात खस्स, खस्स. मग लाल जाकीट. सावकाश, एक पाय दुसऱ्यापेक्षा कमी लांब पडत होता, पण पडत होता. सातोसानांनी कानटोपी काढली. शिल्पा हाका मारत पाटीपाशी धावली, हात पसरून उभी राहिली.

बाई तिच्या बाजूनं निघून गेल्या. माझ्याही. आमच्याकडं बघितलं नाही. भुवयांवर बर्फ साचला होता, नजर पुढं. शिल्पा गोंधळून माझ्याकडं बघायला लागली, बाबा, त्या थांबल्या का नाहीत? मला ठाऊक होतं. पाटी लोकांसाठी लावलेली होती. चाकोरी तिथं संपत नव्हती.

पन्नास पावलं. भिंतीशी, जिथं सातोसानांच्या मशीनचे दात वर उचलले गेले होते आणि कोऱ्या बर्फाला सुरवात होत होती, तिथं बाई पोचल्या. पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग उजव्या हातातली काठी पुढं केली आणि तिचं टोक चाकोरीच्या कडेला टेकवलं.